रबराची पट्टी कोणी बांधली?

मित्रांनो, मी झाडे कापणारी एक जुनी यांत्रिक करवत आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव संशयी आहे. कारखान्यात मला जोडले, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी माझी साखळी तीनदा फिरवून तीनदा थांबवली आणि तरीही कपाळाला आठ्या घालून चौथ्यांदा थांबवून पाहिली. त्यांचाच गुण मला लागला.

माझ्या पुढच्या मुठीसमोर एक काळी आडवी पट्टी आहे. माझ्या पात्याचे टोक चुकून कशाला टेकले, तर मी उलटून कापणाऱ्याच्याच तोंडावर उसळते. तेव्हा त्याचे मनगट त्या पट्टीवर आदळते, पट्टी पुढे ढकलली जाते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत साखळी थांबते. ती पट्टी नसेल, तर माझ्याइतकी घातकी वस्तू नाही. हे मी स्वतःच कबूल करते.

"सबूर!" असे ओरडल्याशिवाय माझे मालक मला झाडाला लावत नाहीत, म्हणून सगळे त्यांना सबूरकाका म्हणतात. आधी झाडाभोवती फेरी मारायची, वर एखादी वाळकी फांदी लटकलेली नाही ना ते पाहायचे, झाड पडताना मागे सरकायची वाट मोकळी करायची. मग डोक्यावर हेल्मेट आणि मग "सबूर!" संध्याकाळी ते माझा एकेक दात कानशीने घासत आणि "गुणाची गं माझी" म्हणत. विश्वास ठेवावा असा जगात हा एकच माणूस, असे मला वाटे.

पुढे त्यांच्या हाताखाली त्यांचा मेहुणा आला. सदा शीळ घालणारा, हेल्मेट फांदीला अडकवून विसरणारा. हा एक दिवस घात करणार, असे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. त्याने मला सुरू करायची दोरी ओढली, की मी मुद्दाम चार-पाच झटके खात असे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मला पोत्याखाली झाकून ठेवले होते. हातमोजे घातलेले दोन हात आत शिरले आणि माझी काळी पट्टी रबराच्या तुकड्याने मुठीला करकचून बांधून गेले. चेहरा दिसला नाही, पण पाणी कुठे मुरते आहे ते मला कळले. बाहेर शीळ चालूच होती ना!

आठ दिवस मी तशीच काकांच्या हातात चालले. काकांना ते रबर कसे दिसत नाही, याचे मला नवल वाटे. त्याचाही दोष मी मेहुण्यालाच दिला. बडबड करून काकांचे लक्ष उडवतो मेला!

मग एका सकाळी वाऱ्याने पडलेले झाड कापायला आम्ही गेलो. ते एका दवाखान्याच्या भिंतीवर रेलले होते आणि खाली फांद्यांचा नुसता गुंता होता. मेहुण्याने मला पोत्यातून काढले आणि त्याची शीळ थांबली.

"दाजी, हे रबर कोणी बांधलं?"

तूच की रे, चोरा! मी मनात ओरडले.

काका मान खाली घालून हातमोजे चढवत राहिले. "मीच. पट्टी सैल झालीय. फांद्यांत अडकून सारखी पुढे पडते. दर वेळी मागे ओढून मनगट भरून येतं."

"मग दुरुस्त करून आणू ना."

"तीस वर्षं हेच करतोय मी. तू मला शिकवणार?"

"मी कोण शिकवणार? ताईला विचारू का, चालेल का म्हणून?"

"चोंबडा कुठला!" काका पुटपुटले. मेहुण्याने खिशातला चाकू काढून रबर कापले. काकांनी मला त्याच्या हातातून हिसकावून घेतले. त्या रागात ते "सबूर!" म्हणायचेसुद्धा विसरले.

तिसऱ्याच फांदीला माझे टोक पानांआड दडलेल्या फांदीवर टेकले आणि मी उसळले. मित्रांनो, काकांचा चेहरा माझ्याकडे येताना मी पाहिला. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. तेवढ्यात त्यांचे मनगट पट्टीवर आदळले. साखळी थांबली आणि माझे मुके पाते हेल्मेटच्या कडेवर टक्कन आपटले.

काका खालीच बसले. हेल्मेटची कड चाचपत म्हणाले, "ताईला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण उद्यापासून मशीन मी बघणार."

आता माझी पट्टी दुरुस्त झाली आहे. कामाला लागण्याआधी मेहुणा मला तपासतो आणि काका लाजून दुसरीकडे बघत उभे राहतात. मित्रांनो, धारेच्या वस्तू हाताळताना संशय जरूर घ्या, पण नवख्यावर घ्याल तितकाच जाणत्यावर आणि स्वतःवरही घ्या. सवयीचा हातच आधी निष्काळजी होतो. मी हे उशिरा शिकले.

मला त्या मेहुण्याची माफी मागायची आहे. पण मला एकच आवाज काढता येतो आणि त्यात माफी मागता येत नाही. म्हणून हल्ली तो दोरी ओढतो, तेव्हा मी पहिल्याच झटक्यात सुरू होते.