मूठभर गाळ

मित्रांनो, दगडाला कुठलं आलंय काळीज, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. मी एक जुना, काळा दगड आहे, पण माझ्या पाठीवर लेकरं वाढली आहेत.

मी कोकणच्या किनाऱ्यावरचा. समुद्री शेवाळाची इवलीइवली पिल्लं मला घट्ट बिलगायची. त्यांना मुळं नसतात. स्वच्छ दगड, पाणी आणि उजेड मिळाला की झालं. पुढे वरचा डोंगर पोखरला गेला, माती वाहत आली आणि खडकांवर तिचा थर बसला. नव्या पिल्लांना धरायला जागाच उरेना. माझ्यावरची तेवढी थोडी वाचली.

शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या अश्विनीनं मला समुद्राच्या पाण्यासकट टेम्पोतून नगरला आणलं. सावेडीतल्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलं, वर दिवा लावला. पिल्लं मोठी झाली की दुसऱ्या स्वच्छ किनाऱ्यावर सोडायची, असं तिनं ठरवलं होतं. सकाळी उठली की आधी माझ्याकडे बघायची, मग चहा. पिल्लं बोटभर झाली तेव्हा मी काय फुशारलो होतो म्हणून सांगू!

मग नगर जिल्ह्यातल्याच कर्जतहून तिचे वडील सहादेवअण्णा आले. कुंड्यांसाठी तळ्यातला गाळ गोणीत भरून आणला होता. त्यांच्या माळावर गाळ टाकला, तेव्हा कुठे ज्वारी उभी राहिली होती. अश्विनी परीक्षेसाठी पुण्याला गेली आणि पेटीवर लक्ष ठेवायला अण्णांना सांगून गेली. लेकीचा एवढा जीव असलेली रोपं नुसत्या पाण्यावर बघून अण्णांना गलबलून आलं. ते रोज मूठभर गाळ मायेनं माझ्यावर सोडू लागले. मला ओरडता येत असतं तर!

अश्विनी परतली. अण्णा कौतुकानं म्हणाले, "लई उपाशी दिसत हुती गं. रोज मूठ मूठ घातला."

तिनं पाण्यात हात घालून गाळ अलगद बाजूला केला. पिल्लंही त्याच्याबरोबर निघून आली.

"अण्णा, त्यांना मुळं नसतात हो. गाळाखाली गुदमरतात ती."

अण्णांनी गाळाची गोणी उचलून बाहेर गॅलरीत नेली. अश्विनी रागावली नाही. तेच त्यांना जास्त लागलं असावं.

आता मी गॅलरीत असतो. शेजारच्या कुंडीत त्याच गाळावर गुलाब फुललाय. मित्रांनो, कुणाला मायेनं काही द्याल, तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. अण्णा येतात तेव्हा मला नळाखाली धरून चोळून चोळून धुतात. माझी पाठ आता अगदी स्वच्छ आहे, पण बिलगायला कुणी नाही.