आत्याला दिसत नाही तोवर

आत्याने खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि मग ते मागे घ्यायला जीभ रेटेना, एवढीच काय ती गोष्ट.

आत्या म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, पुढच्या खोलीत मशीन टाकून बसलेली शिंपीण. हाताला वळण असं की शिवण शोधून सापडायची नाही; जिभेला मात्र अजिबात वळण नाही. धाकटा भाऊ आणि भावजय दोघंही कामाला जाणारी, म्हणून त्यांची नऊ वर्षांची लेक सुट्टीत आत्याकडेच असायची. पोरीला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसेल तर शपथ! या वर्षी भिंगरीसोबत सहा पुस्तकांची पिशवी आली आणि शाळेतल्या बाईंचा निरोपही आला. वाचन फार कच्चं आहे, सुट्टीत गोडी लावा. शाळा उघडली की वर्गासमोर वाचायला लावीन, आणि जमलं नाही तर याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल.

"एवढंच ना?" आत्या फोनवर भावाला म्हणाली. "माझ्यावर सोड. पुस्तकातून डोकं वर काढलं तर मला सांग."

बोलायला काय जातं! पहिला आठवडाभर भिंगरीने त्या पुस्तकांचा जिना केला, बाहुलीचं घर केलं, एकावर ओला पेला ठेवून गोल डागसुद्धा पाडला. उघडलं मात्र एकही नाही. आत्याने लाडीगोडी लावली, डोळे वटारले, रंगीत बटणांची अख्खी बरणी द्यायची लालूच दाखवली. पोरगी ढिम्म.

मग आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा तर आधीपासूनच धुक्यात होता. काळा चष्मा लावून आत्या पलंगावर बसली, आणि दुसऱ्याच दिवशी भिंगरी आपणहून जवळ आली.

"आत्या, तुला कंटाळा येत असेल ना गं? मी वाचून दाखवू?"

आत्याचा आनंद पोटात मावेना. रोज चारच्या ठोक्याला वाचन सुरू झालं. पोरगी समोरच्या स्टुलावर बसायची, अडखळत अडखळत वाचायची, आणि आत्या मान डोलवायची. तिने संध्याकाळी भावाला फोन करून फुशारकीही मारली.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला. "झकास झालंय. आता खुशाल सुई ओवा. काळा चष्मा फक्त उन्हात." भिंगरी बाहेर बाकावर बसली होती. आत्या बाहेर येताच तिने उठून तिचा हात धरला, वाटेतल्या पायरीला अडखळू नये म्हणून.

"काय म्हणाले गं?"

आत्याने सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच. "अजून महिनाभर तरी काही दिसायचं नाही म्हणे."

पोरीच्या भल्यासाठीच तर, असं तिने मनाला बजावलं. मन मात्र ऐकेना.

त्यात शाळांचे गणवेश शिवायचा मोसम. भिंगरी आंघोळीला गेली की आत्या मशीनवर झडप घालायची, कान दाराकडे लावून शिवायची. त्या धांदलीत एका शर्टाचा खिसा आतल्या बाजूला लागला. गिऱ्हाइकं तोंड सोडून जायची. ते ती मुकाट्याने ऐकून घ्यायची, कारण आपण त्याच लायकीच्या आहोत असं तिला वाटू लागलं होतं.

एके दिवशी चार वाजता गल्लीतल्या मुली खांद्यावर टॉवेल टाकून आल्या. तलावावर पोहायला चालल्या होत्या.

"मी नाही येत गं," भिंगरी म्हणाली. "आत्याला दिसत नाही ना. वाचून दाखवायचंय."

मुली कोपऱ्यावर वळेपर्यंत पोरगी दारातच उभी होती. आत्याला ते सगळं लख्ख दिसलं. जा म्हणावं, असं जिभेच्या टोकापर्यंत आलं, पण तिने नुसता चष्मा सारखा केला.

त्या दिवशी भिंगरी स्टुलावर न बसता पलंगावर आत्याला खेटून बसली. आत्याने काळ्या काचेआडून सहज पुस्तकात पाहिलं. मोठ्या अक्षरात छापलं होतं: नावाड्याने वल्ही घट्ट धरली. भिंगरीचं बोटही त्याच ओळीखाली होतं. तोंडाने मात्र ती म्हणत होती, "मग अस्वल म्हणालं, मलाही होडीत घ्या की, मी अर्धाच बसतो."

आत्याला हसूच फुटणार होतं. मग तिच्या लक्षात आलं. त्या पानावर अस्वल नव्हतं, पुढच्या पानावरही नव्हतं. पोरीचे ओठ आधी नुसतेच हलायचे, जोडाक्षर आलं की थांबायचे. ती चोरून आत्याकडे बघायची, आणि मग अस्वल बोलायला लागायचं. थोड्या वेळाने ती पान उलटायची, अगदी वाचल्यासारखं.

अरे देवा! आणि आपण भावाला तीन पुस्तकं झाली म्हणून सांगून बसलो! आता बोलायचं तरी काय? जिला दिसतच नाही, तिला पानावर काय छापलंय ते कळलं कसं? दोघी एकमेकींच्या डोळ्यांत धूळ फेकत होत्या, फक्त आत्याची मूठ मोठी होती.

तिने आडून आडून प्रयत्न केला. "अस्वलाची ती ओळ पुन्हा वाच गं, मजा आली."

"मलाही होडीत घ्या की, मी उभाच राहतो."

"मघाशी अर्धा बसत होता ना?"

पोरगी कानापर्यंत लाल झाली. "ते... ते आधीच्या पानावर होतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलली. त्यानंतर भिंगरी फार जपून गोष्ट सांगू लागली, आणि आत्याला तिच्याकडे बघवेना. रविवारी भावाचा फोन आला. "ताई, कमाल केलीस तू. तिची आई आनंदाने रडली गं!" फोन ठेवल्यावर आत्याने ताट तसंच झाकून ठेवलं.

शाळा उघडायला आठ दिवस उरले. वर्गासमोर उभी राहिलेली, बोट ओळीखाली ठेवून गप्प झालेली भिंगरी तिला सारखी दिसू लागली. तिथे कुठलं अस्वल येणार होतं वाचवायला? चार वाजता पोरीने तेच नावाड्याचं पुस्तक उघडलं, आणि आत्याने चष्मा काढून ठेवला.

"थांब भिंगरे. मला दिसतं."

"खरंच?" पोरगी टुणकन उठली. हात उंच केला. "किती बोटं?"

"तीन."

"आत्याला दिसायला लागलं!" तिने टाळ्याच पिटल्या. "आत्ता? आत्ताच दिसायला लागलं?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पोरीनेच वाट करून दिली होती.

"नाही गं. तीन आठवडे झाले."

टाळ्या थांबल्या. भिंगरीने पुस्तकाकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"म्हणजे अस्वल..."

"पुस्तकात अस्वल नाही. माहीत आहे मला."

"तू रोज बघत होतीस?"

"हो गं बाई. चुकलं माझं. तू वाचावंस म्हणून केलं, पण चुकलंच. बाबांनाही माझी थाप मीच सांगते."

"अस्वलाचं नको सांगूस."

"नाही सांगत."

पोरीने पुस्तक उचलून छातीशी धरलं. मग म्हणाली, "मी पोहायलासुद्धा गेले नाही." आणि जरा थांबून, खाली बघत, "शाळेत मी अडले ना, की सगळे तोंडाकडे बघतात. तुला दिसत नव्हतं, म्हणून मी आधी खरंच वाचून बघायचे. रोज. नाहीच जमलं की मग अस्वल आणायचे."

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिथे कुणी बघत नाही अशी एकच जागा पोरीला सापडली होती, आणि तिथेच ही बया काळ्या काचेआडून टक लावून बसली होती. तिने हात पुढे केला. भिंगरीने तो धरला नाही. तिने स्टूल ओढलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि पाठमोरी बसली.

"डोळे मीट."

आत्याने मिटले.

"ना... वा..." पोरगी अडली. पुढचं अक्षर आत्याच्या ओठांवर आलं होतं. तिने ओठ दातांखाली दाबला. "ड... ड्या. नावाड्याने." मोठा श्वास. "व... वल..." आवाज थांबला. "बघतेयस?"

"नाही गं."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली. पापण्यांवर वारा लागला. पोरगी तोंडासमोर हात हलवून बघत होती. आत्याने पापणी हलू दिली नाही.

"खोटं," भिंगरी म्हणाली.

आत्याचे डोळे खरोखर मिटलेले होते, पण तसं सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? स्टूल पुन्हा सरकलं, आणि पोरगी पहिल्यापासून वाचू लागली, आत्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.