विधींना बसणार

त्या गुरुवारी सकाळी शिनोने एका चांगल्या धडधाकट माणसाला रेडिओवरून मारून टाकलं, आणि ते तिच्या गावीही नव्हतं.

हवामान सांगून झालं होतं. बंदरावर मासळीला काय भाव मिळाला तेही झालं होतं. मग तिने रोजच्यासारखी मयतांची नावं वाचायला घेतली. ही नावं ऐकल्याशिवाय उराहामात कुणी घराबाहेर पडत नाही. कोण गेलं, वय किती, घर कुठल्या आळीत, निरोप कुठल्या देवळात आणि विधींना कोण बसणार, एवढंच त्यात असतं. पण शेजारी गेला आणि आपण दारात उभे राहिलो नाही, याच्याइतकी लाज आमच्याकडे दुसरी नाही. पोरं शाळेचे मोजे शोधत घर डोक्यावर घेत असली, तरी तेवढ्यात आई ओरडतेच, "गप्प बसा रे, मयत लागलंय!"

"क्यूजी हिराकावा," शिनोने वाचलं. "वय एक्क्याऐंशी. देवळामागची आळी. निरोप शनिवारी सकाळी, काइगान देवळात. विधींना बसणार, पत्नी तामाए."

आवाज स्वच्छ, संथ, नेहमीचा. एक गाणं लावून ती कप विसळायला गेली.

देवळामागच्या आळीत सगळ्यांत आधी पोचली ती मासेवाली ओकिनूकाकू. अॅप्रन काढून, हात लिंबाने चोळून, मयताघरी द्यायच्या पैशांचं काळ्या दोऱ्याचं पाकीट घेऊन, चेहरा कसा छान रडवेला करून तिने दार वाजवलं. दार उघडलं क्यूजीने. काकू मटकन खाली बर्फात बसली.

"अगं बाई! क्यूजीसान, तुम्ही?"

"मेलोय म्हणे मी," क्यूजी म्हणाला. "ऊठ, भिजशील. जिला भेटायला आलीस ती आत आहे."

तामाए गेली होती. आदल्या संध्याकाळी, सूप गरम करता करता. मयतवाल्यांनी रेडिओला पाठवलेल्या कागदावर सगळं नीट होतं. मयत: तामाए. विधींना बसणार: पती क्यूजी. तो कागद अजून स्टुडिओच्या टेबलावर पडला होता, आणि आता फोन थांबता थांबेना.

आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे बंद पडलेल्या गाद्यांच्या दुकानावरचा मजला. पण त्या मजल्यावरून काय जात नाही ते विचारा! सोमवारी दोघे न्हावी भाऊ बेसबॉलवरून एकमेकांची अक्कल काढतात. मंगळवारी काइगान देवळाचे भिक्षू कानठळ्या बसवणारं गिटारचं संगीत लावतात आणि मध्येच सांगतात की वर्षश्राद्धाच्या तारखा लवकर कळवा. वृद्धाश्रमातल्या आज्या स्वतः केलेल्या कविता वाचतात, त्यात खोकलाच जास्त. शनिवारी क्यूजीच्या जुन्या तबकड्या. आणि शुक्रवारी संध्याकाळी दाइगो मोरिया. म्हणजे असायचा.

दाइगो हा शिनोचा नवरा. धंद्याने सुतार, पण नगरसभेची एकही बैठक चुकवायचा नाही. मागच्या बाकावर बसून ऐकायचा आणि शुक्रवारी कोण काय बोललं ते त्याच्या त्याच्या आवाजात करून दाखवायचा. "माननीय सदस्य झोपेतून उठले आणि त्यांनी ठरावाला पाठिंबा दिला," हे त्याचं वाक्य शाळेतली पोरं म्हणायची. नगराध्यक्षांनी स्टेशनला मिळणारी मदत बंद करायची दोनदा धमकी दिली. दाइगोने ती धमकीही त्यांच्याच आवाजात सादर केली.

गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ लोटताना तो खाली आला. गेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायची पाळी शिनोची होती. स्टेशन बघणारे नारितासान म्हणाले, मी वाचतो. ती म्हणाली, पाळी माझी आहे. आणि वाचलं तिने. "दाइगो मोरिया. वय अठ्ठावन्न. विधींना बसणार, पत्नी शिनो." एक अक्षर हललं नाही. अर्धं गाव म्हणालं, काय धीराची बाई. उरलेलं अर्धं म्हणालं, बाई कसली, धोंडा आहे.

तिला दोन्ही पटलं नाही. धीर लागायला आधी काहीतरी वाटावं लागतं. तिला काही वाटतच नव्हतं. जेवायची वेळ झाली की जेवायची. एकदा स्टोव्हवरच्या किटलीने तिचं मनगट चांगलंच भाजलं, ते तिला संध्याकाळी बाही चिकटली तेव्हा कळलं. शुक्रवारच्या तासाला दुसरा माणूस मिळाला नाही, म्हणून नारितासाननी लाटांचा आवाज भरून लावला. समुद्राला पाय लावून बसलेल्या गावाला रेडिओवरून समुद्र! लोक हसले. शिनो तोही तास बसून ऐकायची, कारण घरी जाऊन तरी काय करायचं.

"हे ऐका," नारितासान म्हणाले आणि सकाळचं ध्वनिमुद्रण त्यांनी तिच्यापुढे लावलं. माणूस मुळातला पोस्टातला, चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पाकिटासारखं तोंड झालं होतं. "क्यूजी हिराकावा... विधींना बसणार, पत्नी तामाए." शिनोने ऐकलं. मग कागद पाहिला.

"मी कागदच वाचला," ती म्हणाली.

"कागदावर हे कुठे आहे, शिनोसान? दाखवा मला कुठे आहे!"

तिने कागद परत टेबलावर ठेवला.

"दुपारची दुरुस्ती मी वाचतो. मग आपण दोघांनी जाऊन माफी मागायची. आणि क्यूजीसाननी तक्रार केली, तर सकाळचं वाचन मला तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल. माझा इलाज नाही."

तेवढं मात्र कुठेतरी टोचलं. फार नाही. सकाळी उठायला तिच्याकडे तेवढं एकच कारण उरलं होतं.

गोडाचा डबा आणि पाकीट घेऊन दोघं दुपारी गेली. तामाए उत्तरेला डोकं करून निजवलेली होती, तोंडावर पांढरं फडकं, उशाशी भाताचा वाडगा. क्यूजी उदबत्ती विझू न देता बसला होता. नारितासाननी चटईला कपाळ टेकवलं. शिनोनेही टेकवलं. चटई गार होती, एवढं तिला जाणवलं.

"मारलंस ते मारलंस," क्यूजी म्हणाला, "वर वय पण तिचंच दिलंस. दोन वर्षं फुकट वाढवलीस माझी."

नारितासान हसले आणि लगेच हसणं गिळलं, कारण म्हातारा हसत नव्हता.

"दुपारी दुरुस्ती दिली आहे, क्यूजीसान. उद्याही देऊ."

"ती ऐकली. ती पत्त्याची दुरुस्ती. लोक चुकीच्या माणसाला बघायला येऊ नयेत म्हणून." तो शिनोकडे वळला. "शनिवारचा तास कुणाचा गं?"

"तुमचा."

"डोंबल माझा! गाणी निवडायची ही. सुई टेकवायची ही. काचेपलीकडून हात केला की मी बोलायचो, हात खाली केला की गप्प. मी नुसता तोंडपाटीलकी करायचो. कितीदा म्हटलं, तामाए, तुझं नाव घेतो. तर म्हणायची, राहू द्या, मेल्यावर घेतीलच की रेडिओवर." त्याचा आवाज चिरकला. "जन्मात एकदा घ्यायचं होतं तिचं नाव. आणि तू माझं घेतलंस."

शिनोला कळत होतं की आता आपल्याला लाज वाटायला हवी, वाईट वाटायला हवं. ती वाट पाहत राहिली. काही आलं नाही.

"माझ्या हातून चूक झाली," ती म्हणाली. स्वच्छ, संथ.

"बघ, बघ! अस्संच! अस्संच वाचलंस तू दाइगोला." क्यूजीने बसल्या जागी मांडीवर हात आपटला. "पोरी, सकाळी तुझ्या तोंडून निघालं ते माझ्या घरचं मयत नव्हतंच. नवरा गेला, बायको बसली. ते तुझ्या घरचं होतं. वर्ष होत आलं, तू ते तोंडात धरून बसलीयस. ना गिळतेस ना थुंकतेस."

नारितासान चटईकडे बघत बसले. क्यूजीने मागून एक कापडी पिशवी ओढून पुढे केली.

"शनिवारच्या तबकड्या हिने भरून ठेवल्यात. मी देवळात असेन. तास तू करायचास."

"मला गाण्यातलं काही कळत नाही, क्यूजीसान."

"न कळून मी इतकी वर्षं केलाच ना? तिचं नाव घे. पण वाचू नकोस. घे."

शनिवारी दुपारी, निरोप देऊन झाल्यावर, सगळं गाव जेवायला देवळातच होतं. स्टुडिओत शिनो एकटी. काचेपलीकडे तामाएची खुर्ची, तिच्यावर तिने स्वतः शिवलेली उशी. पिशवीतल्या तबकड्या क्रमाने लावलेल्या होत्या, आणि एका वेष्टनावर चिठ्ठी डकवलेली होती: "दुसऱ्या कडव्यानंतर ओरखडा आहे. आवाज कमी करून बोलून घ्या. सुई मी पुढे सरकवते."

सरकवणारी नव्हती. शिनोने ती तबकडी काढून बाजूला ठेवावी असा विचार केला. पण पिशवी आपण भरलेली नाही, म्हणून तिने ती परत जागेवर ठेवली.

"नमस्कार," तिने सुरुवात केली. "आजचा तास तामाए हिराकावा यांचा. याआधीचे सगळेही त्यांचेच होते. तामाए हिराकावा, वय एक्क्याऐंशी, देवळामागची आळी. विधींना बसणार, पती क्यूजी." सगळं बरोबर. आणि सगळं वाचल्यासारखं. तिचं तिलाच कळलं, आणि देवळातल्या जेवणाच्या पंगतीत क्यूजीलाही कळलं असणार, कारण भिक्षूंनी तिथे रेडिओ लावून ठेवायचं कबूल केलं होतं. नाव घेऊन झालं होतं आणि तरी घेतलं गेलं नव्हतं. उठून काचेपलीकडे जाऊन तिने पहिलं गाणं लावलं. दुसरं लावलं. बंदरावरची, दारू पिऊन म्हणायची गाणी.

तिसरं ते ओरखड्याचं. बाई गात होती, बोट किती वाजता सुटते म्हणून विचारत होती. दुसरं कडवं संपलं आणि सुई अडकली. "अजून... अजून... अजून..." शिनोने आवाज कमी केला. आता बोलायचं होतं. समोर कागद नव्हता.

"इथे ओरखडा आहे," ती म्हणाली. "तामाएसानना तो माहीत होता. तरी त्यांनी ही तबकडी टाकून दिली नाही. क्यूजीसानना बोलायला जागा मिळावी, म्हणून ठेवली असेल. मला काय बोलायचं ते माहीत नाही."

"अजून... अजून..." पाठीमागे बाई म्हणत होती.

"माझ्याकडून अजून एक चूक झाली आहे. गेल्या हिवाळ्यात. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं. पण मी ते असं वाचलं, की जसं काही भलत्याच घरचं." तिने माइक जवळ ओढला. "दाइगो मोरिया. सुतार. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही त्याला ऐकायचात. मी नाही ऐकायचे. मी घरी स्वयंपाक करायचे आणि रेडिओ बंद करायचे, म्हणायचे, रोज घरी तेच ऐकते. छपरावर चढू नको म्हटलं नाही मी. शिडी धरायला गेले नाही, बाहेर थंडी होती. विधींना बसणार..."

आणि आता पुढचा 'पत्नी' हा शब्द येईना. रोज सकाळी कितीकांच्या नावापुढे तिने तो लावला होता. तोंड उघडलं, आवाज नाही. टेलिफोनचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

"मी," ती म्हणाली. "मीच बसले होते. मीच."

आणि मग ती रडली. चारचौघांत रडावं तसं नाही, लहान पोर पडल्यावर रडतं तसं, भोकाड पसरून, नाकतोंड एक करून, चालू माइकसमोर. मनगटावरच्या भाजल्याच्या डागावर तिने तोंड दाबून धरलं, तरी थांबेना. दुखत होतं. सगळं दुखत होतं, एकाच वेळी.

नारितासान देवळातून काळ्या कपड्यांतच धावत आले, बुटांना बर्फ तसाच. काचेपलीकडे तामाएच्या खुर्चीशी उभे राहून त्यांनी खूण केली, सुई उचलू का?

शिनोने हात वर केला. नको.

ते तसेच उभे राहिले. त्या दिवशी उराहामाने तो ओरखडा बराच वेळ ऐकला. रेडिओ कुणी बंद केला नाही.