गोड बोलणारा गोपाल

वऱ्हाडातल्या उंद्रीत घराच्या गच्चीवर कुरडया घालायचं काम जोरात चाललं होतं. प्रतीक्षाचे हात गव्हाच्या चिकानं बरबटलेले आणि नेमका तेव्हाच मेला फोन वाजला. कोपरानंच तिनं तो स्पीकरवर टाकला.

"प्रतीक्षा, गोपाल बोलतोय. लष्कराच्या डेपोवर सायबर हल्ला झालाय. मला आत शिरून तो थांबवायचाय. तुझ्या मोबाईलवर विनंती आली असेल, तेवढी मंजूर कर."

डेपोचे संगणक राखणाऱ्या तुकडीत ती आणि लोणारचा गोपाल, दोघंच वऱ्हाडातले. बाहेरून आत यायचं दार उघडायचा हक्क सुट्टीतही तिच्याचकडे. हो म्हटलं आणि बोलणारा भलताच निघाला, तर चोराच्या हाती किल्ली. नाही म्हटलं आणि खरंच गोपाल असला, तर डेपो बुडालाच समजा.

आवाज त्याचाच होता, नाक ओढायच्या सवयीसकट. पण 'मला'? तो तर तिच्याशी 'मले' बोलायचा! मग आठवलं. तुकडीचे साहेब त्याच्या बोलीला हसतात म्हणून 'मला म्हण, मला म्हण' असा धोशा तिनंच लावला होता त्याच्यामागं. आता ओळखायचं तरी कशावरून?

"चीक गार होऊन राह्यला," तिची आई सत्यभामाबाई ओरडली. "ठेव तो फोन!"

"थांब नं वं माय!" ती खेकसली आणि फोनकडं वळली. "काऊन बे गोपाल, तुह्या लोणारात त्या खड्ड्याबिगर हाये तरी काय?"

सरोवराला कुणी खड्डा म्हटलं की गोपाल भरल्या ताटावरून उठून भांडायचा.

"हो, खरं आहे तुझं," आवाज हसला. "तेवढं मंजूर कर ना."

सापडलास, मेल्या! तिनं चिकट बोटानंच विनंती नाकारली, बाहेरचं दार पार बंद करून टाकलं आणि डेपोतल्या संगणक केंद्राच्या लँडलाइनवर स्वतः नंबर लावला. फोन गोपालनंच उचलला. तिकडं हल्ल्याचा पत्ताही नव्हता.

"तुहा आवाज चोरला बे कोणीतरी. तुह्या त्या ट्रेनिंगच्या व्हिडिओवरून उचलला असन."

"धन्यवाद. मी लगेच साहेबांना कळवतो," तो म्हणाला. साहेब शेजारीच उभे असावेत.

नंबर तिनंच लावलेला, माणूस खरा. तरी कानात मघाचा तो चोरच बोलल्यासारखा वाटला. आवाज तोच, गोडवाही तोच.

"गोपाल," ती कळवळून म्हणाली, "साहेब गेले चुलीत. आधी मले एक शिवी हासड."