तारवाल्यांची बिनतारी सून

तारवाल्यांनी उभा जन्म भिंतींना भोकं पाडून वायरी ओढल्या होत्या. त्यामुळे सूनबाईने बिनतारी नेटवर्कचा कोर्स लावला, तेव्हा हवेवर कुठे धंदा होतो का, म्हणून त्यांनी नाक मुरडलं. पण ती रोज जेवताना शिकवणी घ्यायची आणि सासरेबुवा हातातला घास तसाच धरून ऐकत बसायचे. दोन यंत्रं मधे कोणाला न घेता थेट बोलतात ती ॲड-हॉक पद्धत, म्हणजे दोन जावांनी सासूला न विचारता बेत ठरवायचा. सगळ्यांनी एकाच डब्यामार्फत, म्हणजे राउटरमार्फत, बोलायचं ती इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे बाबांना काही सांगायचं तर आईंमार्फत. आणि मेशमध्ये एक डबा दुसऱ्याला निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला. ही पद्धत आपल्या गल्लीत कधीपासूनच आहे, असं सासूबाई म्हणाल्या.

कोर्स संपला आणि तारवाल्यांच्या शब्दावर तिला पहिलं काम मिळालं. शिवणकारखान्याच्या मालकीणबाईंना मागच्या कटिंगच्या खोलीत नेट हवं होतं, कपड्यांचे नमुने पडद्यावर बघून कापायला. आज जमलं तर त्यांच्या दुसऱ्या कारखान्याचं कामही तिलाच, नाहीतर बाहेरची कंपनी येणार होती.

सूनबाईने मेश करायचं ठरवलं. एक डबा ऑफिसात ठेवला, दुसरा थेट कटिंगच्या खोलीत, कारण नेट नव्हतं ते तिथेच. दुसऱ्याचा दिवा लाल. तिने तो बंद करून पुन्हा चालू केला, पासवर्ड बदलला, तरी लालच. बायका कात्र्या थांबवून बघू लागल्या. मालकीणबाईंनी सोबत आलेल्या तारवाल्यांना बाजूला घेतलं आणि सरळ वायरच ओढा म्हणून हळूच सुचवलं.

तारवाल्यांचे हात शिवशिवत होते. वायरचं भेंडोळं खाली गाडीतच होतं. पण आज आपण भिंतीला भोक पाडलं, तर उद्या हिला कोणी दारात उभं करणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ती करेल, असं म्हणून त्यांनी हात पाठीमागे बांधले.

सूनबाई मोबाइल हातात धरून एकेक पाऊल मागे येत होती. जिन्यापाशी थांबली आणि स्वतःशीच हसली.

"बाबा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या खोलीत सिग्नल पोचतच नाही, मग तिथला डबा पुढे देणार काय? तो मधे हवा, जिथवर पोचतोय तिथे."

तिने डबा जिन्याजवळच्या फळीवर ठेवला. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला आणि आतून बायकांचा गलका ऐकू आला. तारवाल्यांचा ऊर भरून आला. स्वतःच्या कुठल्याही कामाचा त्यांना एवढा अभिमान वाटला नव्हता.

मालकीणबाई खूश झाल्या. सवयीने तारवाल्यांकडेच वळून म्हणाल्या, "पुढे काही अडलं तर तुम्हाला फोन करते."

"मला कशाला? हिला करा," तारवाले म्हणाले. "मी हिचा सासरा."