मागच्या डेकवरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. हसू नका लगेच. जिच्यासाठी माणसं पक्ष बदलतात, ती मी नव्हे. मी एका बोटीच्या मागच्या डेकवर बोल्टांनी पक्की बसवलेली सागवानी खुर्ची. माझ्यावर बसणाऱ्याला आराम नाही, घाम फुटतो.

मला घडवणारा सुतार भारी काटेकोर होता. रंधा मारताना पुटपुटायचा, "बसणाऱ्याला टोचायला नको आणि त्याला निसटताही यायला नको." पुढे गळाची काठी रोवायला पितळी खोबण, खाली पाय रेटायला आडवी फळी, आणि मी चहूकडे फिरावी म्हणून बुडाशी दणकट खुंटा.

मला दोघा भावांनी विकत घेतलं. पोट त्यांच्या रंगाच्या दुकानावर चालायचं, जीव मात्र समुद्रात. सुट्टी आली की किनारा दिसेनासा होईपर्यंत बोट हाणायची, आमिषं सोडायची आणि पाखरं कुठे घिरट्या घालतात ते बघत बसायचं. पाखरांखाली टूना असतो, माणसाएवढा दांडगा मासा. थोरला माझ्यावर बसायचा, धाकटा माझ्यामागे उभा राहायचा.

गळाने मासे धरणाऱ्या या हौशी लोकांचा नियम मोठा हट्टी. टूना गळाला लागला की झुंज एकट्याची. दुसऱ्या कुणी काठीला, दोरीला किंवा झुंजणाऱ्याला नुसतं बोट लावलं तरी मासा बाद, त्यांच्या क्लबात तो मोजत नाहीत. मदतनिसाला मुभा एकच, मासा पळेल तिकडे मला वळवायची. एकदा थोरला कलंडताना धाकट्याने त्याचा खांदा सावरला, तर केवढा तमाशा! मासा बाद झाला आणि थोरला कित्येक दिवस घुम्यासारखा बसला. "छोट्या, पुन्हा हात लावलास तर याद राख," म्हणाला.

"नाही लावत बाबा! मासा तुझा, कंबरदुखीही तुझीच."

त्या दुपारचा टूना मात्र आडदांड होता. काठीवरचं दोरीचं रीळ किंचाळलं, काठी कमान झाली. थोरल्याच्या पाठीवरचा पट्टा रिळाला अडकवलेला होता, म्हणजे तो आणि मासा एकमेकांना बांधलेलेच. धाकटा मला वळवत ओरडत होता, "शाब्बास दादा! सोडू नकोस!"

मग थोरल्याचा डावा हात काठीवरून सुटला. त्याने माझ्या हाताचा दांडा पकडला आणि नखं रुतवली. डोकं माझ्या पाठीला टेकलं. "छोट्या," तो म्हणाला, "धर रे मला." इंजिनाच्या घरघरीत ते मलाच ऐकू आलं. तो पुन्हा म्हणाला. बऱ्याच वेळा म्हणाला, दर वेळी हळू. शेवटी बोटं सैल पडली.

मासा अजून ओढत होता. काठी वाकली की पट्टा थोरल्याला पुढे खेचायचा, ढिली झाली की तो माझ्या पाठीवर आदळायचा. मागून बघणाऱ्याला वाटावं, काय झुंजतोय गडी! धाकटा मला वळवत राहिला, शाब्बास म्हणत राहिला. दोरी तुटली तेव्हा कुठे तो हसत पुढे आला. "जाऊ दे दादा, पुढच्या वेळी..." आणि त्याने तोंड बघितलं.

आता बोट धक्क्याला बांधून असते. पितळ हिरवं पडलंय, पॉलिश पापुद्र्यांनी निघतंय. "भावजी, ती खुर्ची काढून टाका, मला बघवत नाही," असं वहिनी धाकट्याला सांगून थकली. तो "काढतो" म्हणतो आणि काढत नाही. कधी भर दुपारी, वारा पडलेला असताना, माझ्यावर ओळखीचं वजन येतं. पाय फळी रेटतात. मी आपोआप समुद्राकडे वळते. मला भीती वाटते हो, खरंच सांगते.

धाकटा रोज येतो. बसत नाही. मागे उभा राहून माझ्या पाठीवर हात ठेवतो आणि विचारतो, "डॉक्टर म्हणाले, दादा झटक्यात गेला. त्याला काही कळलंही नसेल. हो ना?" त्या एका वाक्याच्या आधारावर तो जेवतो, झोपतो, वहिनीच्या नजरेला नजर देतो.

त्याला ऐकू जाईल अशी वाचा मला नाही, हे किती बरं आहे! पण तुम्हाला आहे. कधी त्या धक्क्यावर आलात तर तो तुम्हालाही विचारेल, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना विचारतो. माझ्यावर एवढे उपकार करा. त्याच्या डोळ्यांत बघा आणि हो म्हणा.