अर्डिस यायची तेव्हा

डोरीनने मर्ल टोरसनच्या उजव्या बुटाची नाडी सोडली, मोजा ओढून काढला आणि पेनाचं टोक त्याच्या अंगठ्यावर टेकवलं.

"कळतंय?"

"काय?" मर्लने विचारलं. तो खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत होता.

शेजारी त्याची मुलगी जॅनिस कोट न काढताच बसली होती. वडिलांना मनोविकारांच्या दवाखान्यात आणलं आणि ही बाई पाय कसले बघत बसलीय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मर्लची बायको अर्डिस जाऊन चौदा महिने झाले होते. गेल्या हिवाळ्यापासून ती संध्याकाळी येऊन स्वयंपाकघरात बसते, असं मर्ल म्हणायचा. तिच्यासाठी कॉफी ओतायचा, तिच्याशी बोलायचा. मग तो धडपडायला लागला, तारखा विसरायला लागला, आणि परवा शेगडीवर भांडं करपून घरभर धूर झाला. आधीच्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या वाढवून पाहिल्या. आता फार्गो शहरातल्या एका वृद्धाश्रमात जागा मिळत होती. जॅनिसला फक्त एक सही हवी होती.

डोरीनला सही करता आली असती. मर्ल तिचा त्या दिवशीचा अकरावा पेशंट होता आणि तिची कंबर सकाळपासून ठणकत होती. रोगी तपासून औषध लिहून देऊ शकणारी मनोविकारांची नर्स त्या तीन काउंटींत ती एकटीच. प्रत्येकाला वीस मिनिटं द्यायची, असा दवाखान्याचा नियम होता आणि तो मोडते म्हणून तिला दोनदा लेखी समज मिळाली होती. पण मनोविकारांकडे वळण्याआधी तिने तेवीस वर्षं साध्या वॉर्डात काढली होती, आणि त्याही आधी ती दुधाच्या धंद्यातल्या घरात वाढली होती. गाय खात नाहीशी झाली की तिचे वडील खुरापासून शिंगापर्यंत सगळी गाय बघायचे. आईच्या वेळी मात्र तसं कुणी बघितलं नाही. मन नाजूक आहे म्हणून आई दोन वर्षं झोपेच्या गोळ्या खात राहिली. तिच्या गळ्याची गाठ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होती.

डोरीनने मर्लला जीभ दाखवायला सांगितलं. जीभ लाल, गुळगुळीत होती. मग बापलेकीने घरातून आणलेली औषधांची पिशवी तिने टेबलावर ओतायला लावली. मधुमेहाच्या गोळ्या अकरा वर्षं चालू होत्या. जेवता काय, असं विचारल्यावर मर्ल म्हणाला की टोस्ट, दुसरं काय? मांस-भाजीची हॉटडिश करणारी गेली.

"वृद्धाश्रमाला दहा दिवस थांबायला सांगा," डोरीन जॅनिसला म्हणाली. "रक्त तपासू."

"तुम्हाला त्यांच्याबरोबर राहावं लागत नाही," जॅनिस म्हणाली.

"नाही लागत."

जॅनिसने टेबलावर ओतलेल्या बाटल्यांकडे बघितलं आणि दहा दिवसांना कबूल झाली.

रक्तात बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच; मधुमेहाच्या गोळ्यांनी ते वर्षानुवर्षं ओसरत गेलं होतं, त्यात जेवण नुसत्या टोस्टचं. नसा, तोल, डोकं, सगळं त्यावाचून सुकत चाललं होतं. इंजेक्शनं सुरू झाली. शेजारीण एक दिवसाआड शिजवलेलं मांस आणि अंडी आणून देऊ लागली. आधीच्या डॉक्टरांनी वाढवलेल्या गोळ्या डोरीनने हळूहळू उतरवल्या.

एप्रिलच्या शेवटी मर्ल पुन्हा आला तेव्हा दाढी केलेली होती आणि तो काठीशिवाय चालत होता. बाहेर जॅनिसने डोरीनचा हात घट्ट धरला आणि वृद्धाश्रमाची जागा सोडून दिल्याचं सांगितलं.

आत मर्लने वार, तारीख, गव्हर्नरचं नाव, सगळं बरोबर सांगितलं. डोरीनने सुई भरली. त्याने बाही वर केली नाही.

"ती येत नाही आता," तो म्हणाला.

डोरीनने सुई ट्रेमध्ये ठेवली.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून. मी पाचला कॉफी ओततो. सहापर्यंत बसतो." तो थांबला. "गोड वगैरे बोलायची नाही हो. पिकअप गाडीचं तेल बदललं नाही म्हणून भांडायची."

आपण बरं करतोय त्याबरोबर याचं काय काय जाणार आहे, हे डोरीनने त्या पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं. पाय बघितले, जीभ बघितली, ताटही बघितलं.

"हे बंद केलं तर परत येईल का?"

खोटं बोलण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"येईलही. पण पाय जातील. आणि पुढे पुढे ती कोण आहे, हे तुम्हाला ओळखू येणार नाही."

मर्लने शर्टाचं बटण काढलं, बाही वर सरकवली आणि दंड पुढे केला. डोरीनने सुई दिली, कापूस दाबून धरायला सांगितलं. तो कापूस धरून बसला आणि रडायला लागला. आवाज आधी घोगरा होता, मग मोठा झाला. अर्डिसच्या दफनाच्या दिवशी त्याने पाहुण्यांना सँडविचेस वाढली होती. तेव्हापासून त्याला कुणी रडताना बघितलं नव्हतं.

दार उघडून जॅनिस आत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"पुन्हा सुरू झालं?"

"नाही," डोरीन म्हणाली. "आत्ता सुरू झालंय."

जॅनिस दारातच उभी राहिली. मग येऊन वडिलांच्या शेजारी बसली. डोरीनने दोघांना आत ठेवून दार ओढून घेतलं. बाहेरच्या पेशंटना तिने सांगितलं की उशीर होईल, किती ते सांगता येत नाही. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती. त्यातली एक रिकामी बघून ती त्यांच्यामध्येच बसली.